छातीवरचं नाव

भूक लागली असेल तर आधी जेवून या, मित्रांनो. मला सगळे तवा म्हणत असले तरी माझ्यावर आजवर कुणी काही भाजलेलं नाही. मी एका फुटबॉल क्लबातला तवा आहे, आणि चांगलाच जुना आहे. खेळाडूंच्या शर्टांवर नावं आणि आकडे चिकटवणं हे माझं काम. कारखान्यातून निघालो तेव्हा माझं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं. पण माझी वरची तापणारी पाटी पाहून क्लबातल्या पोरांनी माझा तवा केला आणि तेच नाव कायम झालं. मला त्याचा राग आला होता. माझा स्वभाव मुळातच तापट आहे, त्याला इलाज नाही.

माझं शरीर अगदी साधं आहे. खाली सपाट बैठक, तिच्यावर मऊ रबर. वर जड पाटी, तिच्या पोटात तापणाऱ्या तारा. बाजूला एक लांब दांडा आणि उष्णता कमीजास्त करायचं बटण. बैठकीवर शर्ट पसरायचा, त्यावर नावाचा कागद, त्यावर बटर पेपर, आणि दांडा खाली ओढायचा. पुढचं मी आणि शर्ट आमचं आम्ही बघून घेतो. काम झालं की माझी घंटा वाजते. मग शर्ट गार होऊ द्यायचा आणि कागद हलक्या हातानं सोलायचा. उतावळ्या माणसानं गरम असतानाच ओढला तर अक्षरं फाटून येतात, आणि मग सगळे माझ्याकडे रागानं बघतात.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझी पाटी घासणारा कारागीर दिवसभर शिट्टी वाजवायचा आणि फार वाईट वाजवायचा, पण त्याचा हात सरळ होता. त्याच्यामुळेच आजही माझ्या पाटीत कुठे उंचसखल नाही. तिथून मी एका छपाईवाल्याकडे गेलो. टोप्या, पिशव्या, गणवेश, जे येईल ते मी छापलं. एकदा एका सर्कशीतल्या विदूषकाची विजारसुद्धा माझ्याखालून गेली. लोक दुकानात येऊन म्हणत, "यंत्र मात्र झकास आहे हो तुमचं," आणि माझा मालक स्वतःचीच पाठ थोपटल्यासारखा हसायचा. पुढे त्याची नजर गेली आणि दुकान बंद झालं. माझ्यावर एक फाटकी चादर टाकली, शेजारी रंगाचे रिकामे डबे रचले, आणि मला सगळे विसरले. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. तापायला जन्मलेल्या वस्तूनं गार पडून राहणं काय असतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

तिथून मला क्लबात आणलं ते ताईनं. ताई म्हणजे क्लबाच्या कपड्यांची राखणदार. शर्ट धुणं, मोजे जोडीनं लावणं, फाटलेलं शिवणं आणि नावं चिकटवणं, हे सगळं तिच्याकडे. तिला ताई सगळेच म्हणतात, तिच्याहून मोठेसुद्धा. तिनं माझ्यावरची चादर ओढली, पाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "याला काही झालेलं नाही. नुसता रुसलाय." त्या दिवसापासून मी तिचा झालो.

आमची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या खाली आहे. त्यामुळे तिचं छत एका बाजूला उतरत जातं. गोल झाला की वरचे लोक पाय आपटतात आणि आमच्यावर माती झडते. एक खिडकी आहे, पण ती बाहेरच्या जमिनीला टेकलेली. तिच्यातून मला फक्त पाय दिसतात. मैदान मी कधी पाहिलेलं नाही. कोण चिडलाय, कोण थकलाय, कोण जिंकून आलाय, हे मी बुटांवरून सांगू शकतो.

शर्टावर छातीपाशी ज्याचं नाव असतं, तो क्लबाला वर्षभर पैसा पुरवतो, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्याकडे सुरुवातीला एक सायकल दुकानदार होता. मग दातांचा डॉक्टर आला. त्या हंगामात आमच्या सेंटर फॉरवर्डचे पुढचे दोन दात पडले आणि डॉक्टरांनी ते फुकट बसवून दिले. त्यानंतर बरीच वर्षं गादीवाला होता. समोरचे संघ आम्हाला "झोपा आता" म्हणून चिडवायचे आणि खरं सांगायचं तर आमची पोरं तेव्हा खेळायचीही तशीच. पण गादीवाला बिचारा प्रत्येक सामन्याला यायचा आणि हरलो तरी टाळ्या वाजवायचा. ही सगळी नावं मी चिकटवली, आणि कुणाच्याही नावानं मला त्रास झाला नाही.

आता क्लबाची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळे घडलं. दर हंगामात माझ्याखालून निघणारा पहिला शर्ट चालू संघातल्या कुणालाच मिळत नाही. तो क्लबातून खेळून गेलेल्या एका म्हाताऱ्याला मिळतो. ज्यांना अजून मिळालेला नाही, त्यांच्यातला वयानं सगळ्यांत मोठा कोण, ते बघायचं. शर्टाच्या पाठीवर त्याचा जुना आकडा घालायचा. हंगामाच्या पहिल्या सामन्याला तो म्हातारा हा शर्ट घालून संघाच्या पुढे चालत जातो, मैदानाच्या मधोमध चेंडू ठेवतो आणि बाजूला होतो. एवढंच. पण या एवढ्याशासाठी म्हातारे जीव धरून असतात. एकमेकांची वयं चोरून विचारतात. एकानं तर स्वतःचं वय वाढवून सांगितलं होतं, आणि त्याच्या सख्ख्या बहिणीनं त्याला सगळ्यांदेखत खोटं पाडलं.

त्या वर्षी पाळी आली होती भिंतकाकांची.

भिंतकाका म्हणजे ताईचे वडील. तरुणपणी ते क्लबाचे गोलरक्षक होते आणि त्यांच्या पलीकडे चेंडू जात नसे, म्हणून हे नाव. दिवसा ते सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात पत्रे कापायचे. संध्याकाळी तिथून थेट सरावाला यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या, आणि बाकीचे विचारायचे, "काय रे, म्हातारपण आजच आलं का?" ते हसून भुवया झटकायचे. सगळे हसायचे. ती पांढरी धूळ कशाची होती, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. कारखान्यानं तर मुळीच सांगितलं नाही. ती धूळ त्यांच्या छातीत जाऊन बसली आणि तिथून निघालीच नाही. आता ते चार पावलं चालले की थांबतात. नाकाला नळी, आणि नळी जोडलेला सिलिंडर छोट्या चाकांच्या गाड्यावर बरोबर असतो. त्यांच्याबरोबर पत्रे कापणाऱ्या बहुतेकांचं असंच झालं. काही जण तर गेलेही.

कंपनीनं कानावर हात ठेवले. हे सगळं विड्या ओढल्यामुळे झालं, असं तिचं म्हणणं. भिंतकाकांनी जन्मात विडी ओढलेली नाही. गोलरक्षक होते ते. मग या आजारी माणसांनी एक मार्ग काढला. रोज सकाळी ते कंपनीच्या फाटकासमोर जाऊन बसायचे. उभं राहायचं बळ नाही, म्हणून प्रत्येक जण घरून आपापली खुर्ची आणायचा. घोषणा द्यायलाही दम नाही, म्हणून नुसते बसायचे. त्यांची मागणी एकच होती. हे तुमच्या धुळीमुळे झालं, असं कंपनीनं तोंडानं म्हणावं आणि आमच्यावर उपचार करावेत.

इकडे क्लबाचे दिवस फिरले होते. पायऱ्यांवरचं छप्पर धोक्याचं ठरलं. मैदानाला धड कुंपण नव्हतं, मुलींच्या संघाला कपडे बदलायला खोली नव्हती. हे सगळं हंगामाआधी झालं नाही तर तुम्हाला लीगमधून काढू, असं वरून कळवलं गेलं. गादीवाला थकला आणि त्याच्या मुलानं हात आखडता घेतला. आमचा सेक्रेटरी उन्हातान्हात दारोदार फिरला. लहानपणी तो भिंतकाकांच्या हाताखालीच खेळायला शिकला होता आणि सरावानंतर त्यांच्याच घरी जेवून वाढला होता. क्लब बंद पडेल या विचारानं त्याची झोप उडाली होती. बुटांच्या टाचा इतक्या झिजल्या होत्या की मला खिडकीतून दिसायच्या.

आणि मग पत्र्यांची कंपनी आपणहून पुढे आली. छप्पर देतो, कुंपण देतो, मुलींची खोली बांधून देतो. बदल्यात शर्टाच्या छातीवर आमचं नाव.

कमिटीची बैठक माझ्याच खोलीत झाली, कारण गळत नसलेली तीच एक खोली उरली होती. ताई कोपऱ्यात मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. ती कमिटीत नव्हती, पण ही तिची खोली होती आणि तिला बाहेर जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"माझ्या मनाला हे पटतंय असं कुणी समजू नका," सेक्रेटरी म्हणाला. "पण मला दुसरा माणूस दाखवा. कुणीही आणा. मी त्याच्या पाया पडतो."

"मुलींनी दोन वर्षं गाड्यांच्या आडोशाला कपडे बदललेत," मुलींचा कोच म्हणाला. "त्यांना काय सांगू? थांबा, आमचं मन स्वच्छ होईपर्यंत?"

"दादा," ताई मोजे खाली ठेवत सेक्रेटरीला म्हणाली, "त्यांचं नाव मी माझ्या हातानं चिकटवायचं?"

सेक्रेटरीनं तिच्याकडे बघितलं नाही. "ताई, पैसा कुठून येतो हे आपण याआधी कधी विचारलं? गादीवाल्याच्या कारखान्यात कोण कसं राबायचं, गेलो होतो का आपण बघायला?"

"नाही गेलो. पण इथे जायची गरज नाही ना. माझ्या घरातच खोकला ऐकू येतो."

 मग हात वर करायला सांगितलं. छत उतरतं असल्यामुळे मागच्या दोघांना हात नीट वर करता आले नाहीत, पण तेही मोजले गेले.

मित्रांनो, त्या लोकांवर मला राग धरता येत नाही, आणि हेच मला खुपतं. दुष्ट माणूस समोर असता तर मी सरळ त्याचा शर्ट जाळला असता. ही सगळी भली माणसं होती. क्लब बुडू नये म्हणून जिवाचं रान करणारी. माझी पाटी मात्र त्या दिवशी बटण बंद असतानाही जड वाटत होती.

काही दिवसांनी सेक्रेटरी पुन्हा आला. त्याचे बूट दारात बराच वेळ थांबले होते.

"ताई, कंपनीला पहिल्या शर्टाचा फोटो हवाय," तो म्हणाला. "काकांचा. त्यांना रीत कळलीय. जुना कामगार, जुना खेळाडू. त्यांच्या जाहिरातीचं बघणाऱ्या बाई म्हणाल्या, याहून चांगलं काही होऊच शकत नाही."

"म्हणालीच असेल. फाटकावर बसलेल्यांना दाखवायचं, की बघा, तुमचाच माणूस आमचं नाव छातीवर लावून हसतोय."

"मी त्यांना नाही म्हणून सांगतो. काकांची पाळी पुढच्या वर्षी ढकलू."

"पुढच्या वर्षी?" ताई म्हणाली. पुढच्या वर्षाचं कुणालाच काही सांगता येत नव्हतं.

शेवटी भिंतकाका स्वतःच आले. आमच्या खोलीला खाली उतरायच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर आधी सिलिंडरचा गाडा उतरायचा, मग ते, मग थांबायचं. ताई धावली तर त्यांनी हातानंच तिला मागे राहायला सांगितलं. आत येऊन ते माझ्याशेजारच्या स्टुलावर बसले आणि दम परत येईपर्यंत माझ्या दांड्यावर हात ठेवून राहिले. हात थंडगार होता.

"माझा शर्ट छापून काढ," ते म्हणाले.

"बाबा, त्यांना तुमचा फोटो हवाय."

"माहितीय मला. छाती गेलीय माझी, डोकं नाही गेलेलं."

"मग रोज ज्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसता, त्यांना काय वाटेल?"

त्यांनी नाकातली नळी नीट बसवली. 

"बाळ, वाईट वाटेल त्यांना," ते म्हणाले. "मलाही वाटेल. पण मी या शर्टासाठी किती वर्षं थांबलोय ते तुला माहीत आहे. तुझी आई होती तेव्हापासून मी तिला सांगायचो, एक दिवस आपण पुढे चालणार. त्या लोकांनी माझं सगळं घेतलं. आता हेपण त्यांच्यामुळे सोडू का?"

"नाव न घालता काढून देते."

"ते चालायचं नाही. दादाची मान अडकेल. मुलींची खोली अर्धी बांधून झालीय." मग थोडं हसून म्हणाले, "आणि कोरा शर्ट घालून गेलो तर लोक म्हणतील, भिंतीला रंग द्यायचा राहिला."

ताई हसली नाही. तिनं तोंड फिरवलं.

शर्ट तिनं दुसऱ्या दिवशी काढला. दार आतून लावून घेतलं. आधी नुसता शर्ट माझ्याखाली दाबून ओल घालवली, तशी ती नेहमी घालवते. पाठीवर वडिलांचा आकडा बसवला. मग शर्ट उलटा केला, छातीवर कंपनीच्या नावाचा कागद ठेवला, आणि माझं बटण फिरवून उष्णता कमी केली.

मी लगेच ओळखलं. एवढ्या कमी उष्णतेवर नाव चिकटल्यासारखं दिसतं, पण पहिल्या धुण्यात सोलून येतं. थोडा वारा लागला, थोडा घाम आला, तरी कडा उचलतात. फोटो काढायच्या आतच ते लोंबायला लागलं असतं. ताईचा हात दांड्यावर होता. मला वाटलं, ओढ बाई, लवकर ओढ. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझं काम वाईट व्हावं असं वाटत होतं.

पण तिनं हात काढला. शर्टाकडे बघत उभी राहिली. बाबांच्या छातीवर अर्धवट लोंबणारं नाव, आणि सगळं मैदान त्यांच्याकडे बघून हसतंय, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं असावं. "माझ्या बापाचा शर्ट मी खराब नाही काढणार," ती मला म्हणाली. मलाच, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं बटण परत जागेवर आणलं, दांडा ओढला, आणि माझी घंटा वाजेपर्यंत त्यावर कपाळ टेकून रडली. नाव असं चोख बसलं की नखानंही निघालं नसतं.

सामन्याच्या दिवशी मी खिडकीतून बघत होतो. आधी बरेच बूट आले, रांग लागली, आणि शांतता झाली. मग सिलिंडरची छोटी चाकं दिसली आणि शेजारी भिंतकाकांचे पांढरे बूट, ताईनं खडू लावून स्वच्छ केलेले. चार पावलं झाली की ते थांबायचे. त्यांच्यामागचा सगळा संघही थांबायचा. कुणी घाई केली नाही, कुणी पाय आपटला नाही. मग पुन्हा चार पावलं. माझ्या खिडकीतून ते दिसेनासे झाले, आणि खूप वेळानं वर असा काही गलका उठला, की छतातून माझ्यावर मूठभर माती पडली. चेंडू ठेवला गेला होता. माझे डोळे भरून आले असते, जर मला डोळे असते तर.

ताई परत आली तेव्हा म्हणाली, "हसत होते बाबा. लहान मुलासारखे हसत होते." आणि तोच फोटो निघाला होता.

तो फोटो कंपनीनं आपल्या फाटकावर लावला. घराच्या भिंतीएवढा मोठा, म्हणे. खाली लिहिलं, आमचा माणूस, आमचा संघ. फाटकासमोर खुर्च्या टाकून बसणाऱ्यांच्या अगदी नाकासमोर. त्यांच्यातले एक जण, भिंतकाकांच्या शेजारी उभे राहून पत्रे कापलेले, एक दिवस आमच्या दारापर्यंत आले. आत आले नाहीत. काठीवर भार देऊन उभे राहिले.

"तुझ्या बापाला सांग, आम्हाला त्याचा राग नाही," ते ताईला म्हणाले. "त्याची हौस होती, आम्हाला माहीत आहे. पण कंपनीवाले आता येणाऱ्याजाणाऱ्याला तो फोटो दाखवतात. म्हणतात, हा बघा, हाही पत्रेच कापायचा, याला काही तक्रार नाही. आमचं कोण ऐकणार मग? आम्ही खुर्च्या फिरवून बसतो आता. त्याच्याकडे तोंड करून बसवत नाही."

भिंतकाकांना हे कळलं आणि त्यांनी फाटकावर जाणं सोडलं. जेवण सोडल्यासारखंच केलं. ताई सकाळी खोलीत यायची, माझं बटण चालू करायची आणि काम न करता तशीच बसून राहायची. मी उगाच तापत राहायचो. ती एकदा सेक्रेटरीला म्हणाली, "शर्ट मिळाला आणि मित्र गेले, दादा. हिशोब काय तो तूच कर."  त्याच्या डोक्यावर तोवर नवं कोरं छप्पर आलं होतं. पत्र्यांचंच.

मग एका सकाळी ताई धापा टाकत आली. बाबा घरात नव्हते. खुर्ची नव्हती, सिलिंडर नव्हता, आणि कपाटातला शर्टही नव्हता. ती गेली तशीच धावत. परत आली तेव्हा सेक्रेटरी तिच्याबरोबर होता. तेवढ्यात सेक्रेटरीचा फोन वाजला. तो कानाला लावून नुसता "हो, हो" म्हणत राहिला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

भिंतकाका फाटकावर गेले होते. आपल्या फोटोच्या बरोबर खाली त्यांनी खुर्ची टाकली होती. अंगात तोच शर्ट, छातीवर तेच नाव, माझ्या हातचं, अजून एकही कड न उचललेलं. शेजारी सिलिंडर. नाकात नळी. फोटोत ती नळी नव्हती, कंपनीनं ती पुसून टाकली होती. फोटोकडे बघणाऱ्या प्रत्येकाला आता त्यांच्याकडेही बघावं लागत होतं. आणि समोरच्यांनी आपल्या खुर्च्या पुन्हा सरळ केल्या होत्या.

ते तिथे रोज जाऊन बसायला लागले. कंपनीनं सेक्रेटरीला सांगितलं, तुमचा म्हातारा आहे, तुम्हीच उठवा. नाहीतर कुंपणाचं राहिलेलं काम थांबेल. सेक्रेटरी गेला. दुपारी तो परत आला आणि माझ्याशेजारच्या स्टुलावर बसला. ताई शर्ट घडी करत होती. ती थांबली.

"मी म्हटलं, काका, ते म्हणतात इथे बसू नका," तो म्हणाला. "तर मला म्हणाले, का? त्यांचाच शर्ट घातलाय. त्यांचीच जाहिरात करतोय. फुकट करतोय."

ताईच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. "मग?"

"मग मला विचारलं, तू मला उठवायला आलास का माझ्याशेजारी बसायला?"

"आणि तू काय म्हणालास?"

"काही नाही. त्यांच्याजवळ उभा राहिलो नुसता. बसायचं धैर्य झालं नाही, आणि त्यांना उठवायला हात पुढे होईना. शिफ्ट सुटली, सगळे कामगार बघत बघत गेले. मी उभाच होतो." तो आपल्या बुटांकडे बघत होता. "घरी जेवलोय गं मी त्यांच्या."

मित्रांनो, ही गोष्ट इथे संपली असं मला सांगता येत नाही. फोटो काही दिवसांनी उतरला. कंपनी मात्र अजून काही कबूल करत नाही. भिंतकाका आता अंथरुणातून उठत नाहीत, आणि फाटकावर त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणीतरी नेऊन ठेवतं. मुलींच्या खोलीला दार लागलं, आतून कडी आहे, मुली खूश आहेत. त्यांचं हसू मला खिडकीतून ऐकू येतं आणि ते खोटं नाही. नव्या हंगामाचे शर्ट काल आले. नावांचे कागदही आले, तेच नाव. सेक्रेटरीनं करारावर अजून सही केलेली नाही आणि दुसरं नावही त्याला सापडलेलं नाही. उद्या बैठक आहे. गठ्ठा माझ्या बैठकीवर पडून आहे, आणि ताईनं माझी पिन भिंतीतून काढून ठेवली आहे.

माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं, की आम्हाला पुसा, तेल घाला, अडगळीत टाकू नका. मला तसं काही मागायचं नाही. मी लोखंडाचा आहे, पडून राहीन. तुम्ही मात्र मोठे व्हाल, आणि कधीतरी एखादा दांडा तुमच्या हातात येईल. कुणाचं तरी नाव कुणाच्या तरी छातीवर बसवायला सांगतील, आणि सांगणारा माणूस भला असेल, त्याची अडचणही खरी असेल. अक्षरं नेहमी माझ्याकडे पाठ फिरवून येतात, मला ती वाचता येत नाहीत. मी फक्त तापतो, आणि एकदा मी चिकटवलं की ते निघत नाही. तुम्हाला वाचता येतं. तेव्हा दांडा ओढायच्या आधी ते नाव वाचा, आणि ज्याच्या छातीवर ते बसणार आहे, त्याला श्वास कसा घेता येतो तेही एकदा कान देऊन ऐका.